टाकीचा माझ्यावर संशय

न्यू जर्सीत घर घेतलं की मराठी माणूस मागच्या अंगणात तुळस लावतो आणि तिच्यापासून जरा लांब गॅसची ग्रिल मांडतो. आमच्याकडे दोन्ही आहे. शिवाय मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, हे त्या रविवारी पाहुण्यांना बूट काढायच्या आतच कळलं होतं. साहजिकच पनीर माझ्या हवाली झालं.

मी बर्नरची सगळी बटणं आधीच फिरवून ठेवली आणि टाकीचा नॉब एका झटक्यात पूर्ण उघडला. कामं रुबाबात व्हावीत असं मला वाटतं. ज्योत पेटली, पण देवापुढच्या निरांजनाइतकी. पनीर नुसतं कोमट होऊन बसलं.

"टाकी संपली असेल," कोणीतरी म्हणालं. मी ती उचलून दाखवली. २० पौंडांची म्हणतात, पण लोखंड धरून भरते जवळपास ३७. माझ्या कमरेनेच ग्वाही दिली. मग पाहुण्यांनी न विचारता मी हेही सांगितलं, की टाकी कधी ८० टक्क्यांच्या वर भरत नाहीत. उन्हात प्रोपेन फुगतं, त्याला जागा लागते. आत एक तरंगता खटका असतो, तो भरणं तिथेच थांबवतो.

"जावईबापू, आधी सिलिंडर सुरू करायचा, मग शेगडी," सांगलीहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या. मी समजूतदारपणे हसलो. त्या पनीरची परात उचलून आत गेल्या.

मग मी गुपचूप माहितीपुस्तिका उघडली. बर्नर उघडे ठेवून टाकी खोलली की गॅस सुसाट धावतो, नळीत दाब साचतच नाही. नळी फुटल्यावरही नेमकं हेच होतं. जोडणीतल्या सुरक्षा झडपेला फुटकी नळी आणि रुबाबदार इंजिनिअर यांतला फरक कळत नाही. ती वाईटात वाईट धरून चालते आणि वाट आवळून जेमतेम गॅस सोडते. उपाय एकच: सगळं बंद करा, नळी काढून पुन्हा जोडा, टाकीचा नॉब सावकाश उघडा, जरा थांबा आणि मगच बर्नर पेटवा. थोडक्यात, सासूबाई.

तसं केल्यावर निळी ज्योत भरभरून आली. तोवर पनीर आतल्या शेगडीवर खरपूस होऊन सगळ्यांच्या ताटात पोचलं होतं.

"ग्रिलची चव वेगळीच हो!" एक पाहुणे मला म्हणाले.

मी नम्रपणे मान झुकवली. सासूबाईंनी त्यांना आणखी दोन तुकडे वाढले.