जुन्या ट्रकचे नाक वर करण्याची शास्त्रोक्त पद्धत

गोव्यात उसगावकडच्या खनिजाच्या रस्त्यावर, वणीच्या कोळसा पट्ट्यात किंवा एखाद्या खडी क्रशरच्या फाटकाशी जुना टिपर राबवणाऱ्या मालकाला कधी ना कधी साक्षात्कार होतो की इंजिनने श्वास खालून घेऊ नये, वरून घ्यावा. नव्या टिपरांच्या केबिनमागे छतापर्यंत गेलेली काळी नळी त्याने पाहिलेली असते. आपल्याही गाडीचे नाक वर असावे, असे त्याला वाटू लागते. अशा होतकरू मालकांसाठी ही मार्गदर्शिका. ती तंतोतंत पाळल्यास इंजिन लवकरात लवकर बांधायला येईल, याची खात्री बाळगावी.

आधी सिद्धांत. तो खरा आहे, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. चाकांनी उडवलेला धुरळा जमिनीलगत दाट असतो आणि वर विरळ होत जातो. जड कण तर लवकरच खाली बसतात. टाटाच्या 697 इंजिनाचे उदाहरण घ्यावे. सहा सिलिंडर, 97 मिलिमीटरचा बोअर, 5675 सीसी. मिनिटाला 2800 फेऱ्यांवर ते सात हजार लिटरच्या आसपास हवा ओढते, म्हणजे तासाला चारशे घनमीटर. पुढची गाडी दिसेनाशी होते अशा फुफाट्यात घनमीटरमागे साधारण एक ग्रॅम धूळ असते. म्हणजे तासाभरात चारशेएक ग्रॅम माती फिल्टरच्या दारात हजर. त्या मातीतल्या क्वार्ट्झची कठीणता मोजपट्टीवर 7, साध्या पोलादाची त्याहून बरीच कमी. लायनर आणि रिंगांमध्ये हा पाहुणा शिरला की तो घर खाऊनच निघतो.

टाटांच्याच टेल्को कंपनीने 1954 साली डाइम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. 1969 मध्ये करार संपला आणि बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा गेला, पण जर्मन वळण राहिले. त्या पिढीच्या बऱ्याच ट्रकांवर ऑइल बाथ एअर क्लीनर असे. आत येणारी हवा तेलावर आपटून उलटी फिरते, जड कण तेलात बसतात आणि उरलेले वरच्या तारेच्या जाळीत अडकतात. साधे, दणकट, धुऊन पुन्हा वापरता येणारे यंत्र. मात्र इंजिन मंद चालत असताना हवेचा वेग पडतो आणि गाळणीही ढिली होते. खाणीच्या काट्यावर रांगेत तासन्‌तास घुरघुरणाऱ्या गाडीची नेमकी तीच अवस्था असते. क्लीनरच्या पेल्यातले तेल चिखल होईपर्यंत बदलू नये. बदललेच तर खुणेच्या वर, उदार हाताने भरावे. जास्तीचे तेल इंजिन ओढून घेते आणि डिझेल इंजिनाला तेही इंधनच असते. मग चावी काय, पंप बंद केला तरी ते थांबेलच असे नाही.

आता नळी. ती हार्डवेअरच्या दुकानातून, पाणी वाहून नेण्यासाठी बनलेलीच आणावी. मूळ नळी चार इंची असेल तर तीन इंची घ्यावी. दिसायला फरक एका इंचाचा, पण हवेची वाट 44 टक्क्यांनी अरुंद होते. त्यात काटकोनाचे दोन-तीन एल्बो घालावेत. चढावर काळा धूर येऊ लागला आणि पिकअप गेला की दोष नळीला देऊ नये. डिझेल पंप उतरवून पंपवाल्याकडे पाठवावा. त्यालाही पोट आहे.

नळीचे तोंड सायलेन्सरच्या धुरांड्याशेजारी ठेवावे, म्हणजे काजळीचा प्रसादही मिळेल. टोपी लावू नये. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आ वासलेल्या नळीतून तो थेट तेलाच्या पेल्यात उतरतो. पाणी तळाशी, तेल वर, आणि वरचे तेल इंजिनात. फारच पाणी गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण हवेसारखे पाणी काही दाबले जात नाही.

इथवरच्या सूचना चुकून पाळल्या गेल्या नाहीत तरी निराश होऊ नये. खरे काम सांध्यांवर होते. नळी केबिनला बांधलेली, क्लीनर इंजिनाशी किंवा चॅसीला. खड्ड्यात केबिन एकीकडे हलते, इंजिन दुसरीकडे. मध्ये रबरी होज हवा. तिथे पत्र्याची नळी ताठ वेल्ड करावी, ती तडकेल. रबर लावलेच तर जुन्या ट्यूबचा तुकडा तारेने आवळावा. विशेष लक्ष क्लीनर आणि इंजिन यांमधल्या सांध्यावर असू द्यावे. तिथे नखाएवढी भेग पडली तरी पुरे. फिल्टरनंतरच्या नळीत ओढ असते; ती भेग चाकापाशी घोंगावणारी लाल माती बिनगाळलेली आत घेते. डोक्यावर कितीही दिमाखदार नाक असो, ट्रक मग कुशीतल्या भोकातून श्वास घेत राहतो. गाडी ऑइल खाऊ लागते, ब्रीदरमधून धूर येतो आणि मालक चहाच्या टपरीवर नव्या ऑइलच्या भेसळीवर बोलू लागतो.

कागदी फिल्टर बसवला असेल तर तो रोज काढून टायरवाल्या पोराकडे द्यावा. टायर भरायच्या दाबाची हवा बाहेरून आत मारली, वरून बंपरवर दोनदा आपटला, की कागद फाटतो, कडेचे रबर दबते आणि फिल्टर अगदी हलका होतो. खरे तर कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर पुढची धूळ जास्त बारकाईने अडवतो. म्हणून फिल्टर मळलेला दिसतो यापेक्षा इंजिनाला हवा किती कष्टाने मिळते, हे दाखवणारा इंडिकेटर पाहायचा असतो. पण इंडिकेटरला बुक्का हाणता येत नाही, फिल्टरला हाणता येतो.

नळीच्या टोकावर बसणारा पारदर्शक वाटीचा प्रीक्लीनर मात्र दिसला की घ्यावा. तो हवा भोवऱ्यासारखी फिरवून जड धूळ बाहेर फेकतो आणि वाटीत साठवतो. वाटी काठोकाठ भरली की ‘बघा, किती माती पकडली’ म्हणून चारचौघांना दाखवावी. रिकामी करू नये. भरलेल्या वाटीत नवी धूळ साठत नाही, ती सरळ पुढे जाते.

ज्यांना ही मार्गदर्शिका मोडीत काढायची आहे, त्यांनी गाडी न्यूट्रलला उभी करून इंजिन मंद चालू ठेवावे आणि वरच्या नळीच्या तोंडावर जाड फळी घट्ट दाबून धरावी. हात लावू नये. इंजिन गुदमरून बंद पडले तर सांधे बहुधा ठीक आहेत. ते बंद न पडता निवांत घुरघुरत राहिले, तर गॅरेजवाल्याला आजच फोन करावा.