साडेचार गिगाहर्ट्झचा धनी

संगणक आठवडाभर न अडता चालला, की हा माणूस बेचैन होतो. काहीतरी शिल्लक राहिलंय, असं त्याला वाटायला लागतं. मग रात्री जेवणं झाली की तो माडीवरच्या पत्र्याच्या खोलीत जातो, संगणक बंद करून पुन्हा चालू करतो आणि डिलीट बटणावर बोट टकटकवत बायोसमध्ये शिरतो. पहाटेपर्यंत चांगलं चाललेलं यंत्र बिघडलेलं असतं आणि याचा चेहरा खुललेला असतो.

नीरा–बारामती रस्त्यावरच्या कोऱ्हाळे बुद्रुकात त्याचा मुक्काम, पण उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात तो भेटेल. वय पंचविशी ओलांडलेलं. डिप्लोमा झालेला, नाहीतर होता होता राहिलेला. दिवसा बारामतीच्या एमआयडीसीत पाळी किंवा घरचाच ऊस. डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार हे त्याला वडिलांना विचारावं लागतं. प्रोसेसरच्या चारही कोअरचं तापमान मात्र झोपेतून उठवलं तरी सांगेल.

त्याचं दैवत म्हणजे इंटेलचा कोअर आय-फाइव्ह २५००-के. जानेवारी २०११ मध्ये बाजारात आलेला. मूळ वेग ३.३ गिगाहर्ट्झ, अंगात आलं तर स्वतःहून ३.७ पर्यंत. नावातला शेवटचा ‘के’ महत्त्वाचा. १०० मेगाहर्ट्झचा एक पायाभूत ठोका असतो, त्याला मल्टिप्लायरने गुणलं की वेग निघतो. ‘के’ असला तर हा मल्टिप्लायर मालकाच्या हाती. ३३ च्या जागी ४५ लिहा, झाले साडेचार गिगाहर्ट्झ. पुण्यात कुणी नवा संगणक घेतला की बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असा जुना संच स्वस्तात सुटतो. विंडोज ११ असल्या प्रोसेसरला दारातही उभं करत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंपन्यांच्या लेखी हे भंगार. याच्या लेखी तीच मजा: ज्याच्याकडून कुणाला अपेक्षा उरली नाही, त्याला पळवायचं.

या बिरादरीला इतिहास आहे आणि तो त्याला तोंडपाठ आहे. १९९८ चा सेलेरॉन ३००-ए हा तीनशे मेगाहर्ट्झचा स्वस्तातला प्रोसेसर. बोर्डाचा ठोका ६६ वरून १०० वर नेला की तोच साडेचारशेवर पळायचा आणि कितीतरी महागड्या पेंटियमला घाम फोडायचा. पेंटियमचा विषय निघालाच, तर हा लगेच सांगतो की पेंटियमच्या चमूचे प्रमुख विनोद धाम पुण्यात जन्मले. पुढचं सगळं शिक्षण दिल्ली आणि अमेरिकेतलं, पण जिल्हा एकच म्हटल्यावर याला तेवढं पुरतं. “आपलंच माणूस हाय.”

त्याचा एक चुलतभाऊही या पंथात आहे, जरा दुर्दैवी शाखेतला. त्याने ‘के’वाला प्रोसेसर हौसेने घेतला आणि एच-६१ चिपसेटच्या बोर्डावर बसवला. त्या बोर्डावर मल्टिप्लायर वाढतच नाही. त्यासाठी पी-६७ किंवा झेड-६८ जातीचा बोर्ड लागतो. चुलतभावाचा संगणक गेली कित्येक वर्षं एकदाही हँग झालेला नाही. घरात त्याच्याविषयी कुणी काही बोलत नाही.

आपला गडी सगळ्या नोंदी ठेवतो, आणि त्यासाठी वही म्हणून दुधाच्या डेअरीचं जुनं पुस्तक वापरतो. त्यात फॅट आणि एसएनएफचे रकाने आयते आखलेले असतात. फॅटखाली व्होल्टेज, एसएनएफखाली गिगाहर्ट्झ. एकदा वडिलांच्या हाती ते पुस्तक पडलं. गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ लागतं हे त्यांना पक्कं माहीत. इथं रोज १.३२, १.३५, १.३८ आणि शेजारी ४.४, ४.५, पुन्हा ४.५. त्यांनी आधी गोठ्यात जाऊन गाईच्या कासेला हात लावून पाहिला आणि मग पोराला हाक मारली.

“दुधात पानी कोन घालतंय रं?”

“आबा, ते दूध न्हाय. प्रोसेसर हाय.”

“मग त्येचं फॅट वाढंना का?”

प्रश्न अडाणी नव्हता. व्होल्टेजच वाढवत न्यावं लागतं, हेच तर दुखणं. वेग वाढला की प्रत्येक ठोक्याला मिळणारा वेळ घटतो, तेवढ्यात ट्रान्झिस्टरला चालू-बंद व्हायचं असतं, म्हणून जास्त व्होल्ट द्यावे लागतात. पण लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते आणि वर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ३.३ चे ४.५ केले आणि १.२ व्होल्टचे १.३५ केले, तर हिशेब जवळजवळ पावणेदोनपट होतो. ती सगळी वीज उष्णता होऊन बाहेर पडते. तापलेला प्रोसेसर तोच वेग झेपवायला आणखी व्होल्ट मागतो आणि व्होल्ट दिले की आणखी तापतो.

आबांना यातलं काहीच नवं नसावं. गळीत हंगामात ट्रॅक्टरचा डिझेल पंप मिस्त्रीकडून वाढवून घ्यायचा, मागे दोन ट्रॉल्या ऊस लावायचा आणि चढाला पुढची चाकं उचलली की बोनेटवर माणूस बसवायचा, हे सगळं त्यांनी केलेलं आहे. हेड गॅस्केट गेल्यावर तेही डिझेलला नावं ठेवत होते.

डिसेंबरात पोराचं सगळं जमून येतं. खोलीत अठरा-वीस अंश, प्रोसेसर भर कामात ७२ वर. तो पुस्तकात ‘४.५ फायनल’ लिहून खाली दोन रेघा ओढतो. पण कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. हवेपेक्षा प्रोसेसर किती वर राहील एवढंच त्याच्या हातात. एप्रिलमध्ये पत्रा तापून खोली अडतिसावर गेली, की ७२ चे ९० होतात. ९८ ला हा प्रोसेसर स्वतःच पाय मागे घेतो. त्यात हिवाळाभर पाचट पेटवल्याची काजळी कूलरच्या पात्यांत बसलेली आणि थर्मल पेस्ट वाळून खडखडीत. ‘फायनल’च्या पुढे कंसात ‘हिवाळी’ असा शब्द येतो.

मग निळ्या पडद्यांचा मोसम सुरू होतो. त्यावरचे कोड म्हणजे त्याची बाराखडी. १०१ आला म्हणजे एक कोअर बाकीच्यांना उत्तर देईना: व्होल्टेज कमी. १२४ म्हणजे हार्डवेअरनेच तक्रार केली: बहुधा व्होल्टेज, कधी भलतंच. १-ए म्हणजे मेमरीत घोळ. पण कोड कुठलाही येवो, दोषींची यादी ठरलेली असते. आधी विंडोज. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर. मग लाइट: संध्याकाळी गावभर मिक्सर, मोटारी लागल्या की व्होल्टेज झुकतं म्हणे. बऱ्यापैकी एसएमपीएसच्या अंगावरच १०० ते २४० व्होल्ट चालतील असं छापलेलं असतं, पण अंगावरचं वाचायला अंग पुसावं लागतं. शेवटी रॅमचा नंबर लागतो. ती काढून, खोडरबराने सोनेरी पट्टी घासून पुन्हा बसवली जाते. ४५ या आकड्यावर संशय कुणी घेत नाही.

उपाय अवघड नाही आणि तो त्याला माहीतही आहे. शेजारच्या पोरांना तोच शिकवतो. सगळं मूळ वेगावर आणायचं. तिथेही हँग होत असेल तर ओव्हरक्लॉकचा संबंधच नाही. रॅम, एसएमपीएस, डिस्क बघायची. मेमटेस्ट रात्रभर चालवायचा. मग मल्टिप्लायर एकेकाने वर न्यायचा आणि दरवेळी एकच गोष्ट बदलायची. कामाचा भार पडल्यावर व्होल्टेज किती खाली बसतं ते पाहायचं आणि लोडलाइनची सेटिंग तेवढीच चढवायची. स्वतःवर वेळ आली की मात्र रात्री एक वाजता तो व्होल्टेज, लोडलाइन, रॅमचा वेग आणि मल्टिप्लायर हे चारही एकाच दमात बदलतो. बोर्डाचा ठोका १०० वरून १०३ करून बघायचाही मोह होतो. या पिढीत त्याच ठोक्यावर डिस्क आणि ग्राफिक्स कार्डही नाचतात, त्यामुळे आता कोण बिघडलं हे कळायची सोय राहत नाही. सकाळी संगणक चालला तर कशाने चालला, बंद पडला तर कशाने पडला, दोन्ही गुपित.

‘स्टेबल’ कशाला म्हणायचं यावर पंथात मतभेद आहेत. नेमस्तांच्या मते डेस्कटॉप दिसला की झालं. मवाळांना जीटीए-फाइव्हमध्ये विमानतळापर्यंत गाडी गेली की पुरतं. आपला गडी जहाल आहे. त्याला रात्रभर प्राइम-९५ लागतं. अवाढव्य मूळ संख्या शोधणाऱ्या मंडळींसाठी जॉर्ज वोल्टमन यांनी लिहिलेला हा प्रोग्राम. मोहीम १९९६ ची. प्रोसेसरला तो इतका पिळतो की शोधाला बगल देऊन नुसत्या छळासाठीच तो जास्त प्रसिद्ध झाला. पंख्याच्या आवाजाने आजीला जाग आली.

“काय करतंय रं ते रातभर?”

“आकडेमोड.”

“कशाची?”

“लय मोठ्या आकड्यांची. उत्तर आधीच ठाव हाय, बरोबर येतंय का बघायचं.”

“ठाव हाय तर इचारतो कशाला?”

आजीने छळ-चाचणीची व्याख्या अचूक पकडली होती. प्रोग्राम ठरावीक गणितं करतो आणि माहीत असलेल्या उत्तराशी ताडून पाहतो. दशांशात ठरल्यापेक्षा जास्त फरक पडला की ‘०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी हवं होतं’ असं म्हणून थांबतो. त्या रात्रीही पहाटे तो तसाच थांबला. तिसरा कोअर. तिसऱ्याचं हे नेहमीचंच आहे, असं घरातल्या वाया गेलेल्या भावाबद्दल बोलावं तशा सुरात तो सांगतो.

एवढं करून खेळात काय फरक पडतो, हे विचारू नये. ग्राफिक्स कार्डच धापा टाकत असेल तर प्रोसेसर कितीही पळवा, फ्रेम तेवढ्याच. त्याची ओढ वेगळी. २०२२ च्या डिसेंबरात एल्मोर या टोपणनावाच्या स्वीडिश गड्याने द्रवरूप हेलियम ओतून प्रोसेसर ९ गिगाहर्ट्झच्या पार नेला. हेलियम कोऱ्हाळ्यात मिळत नाही. द्रवरूप नायट्रोजन मात्र मिळतो. गाय भरवायला येणाऱ्या डॉक्टरांच्या मोटारसायकलला जो कॅन बांधलेला असतो, त्यात रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्येच बुडवलेल्या असतात. जगभरचे विक्रमवीर प्रोसेसरवर ओततात तेच द्रव गोठ्याच्या दारात उभं आहे, हे ध्यानात आल्या दिवसापासून हा डॉक्टरांना फार आग्रहाने चहा पाजतो. डॉक्टर चहा पितात. कॅनचं झाकण उघडत नाहीत.

मे महिन्यात एकदा वळवाने रात्रभर लाइट गेली आणि दुसऱ्या दिवसापासून चमत्कार झाला. निळा पडदा नाही, हँग नाही, तापमान साठीच्या आत. सुरू होताना पडद्यावर ‘एफ-वन दाबा’ असं आलं होतं. त्याने वरच्या ओळी न वाचता दाबलं. आठ दिवस तो गावभर सांगत फिरला की शेवटी व्होल्टेज जमलं. मग बँकेची साइट उघडेना. ब्राउझर म्हणायला लागला, घड्याळ चुकलंय. कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०११. बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल संपला होता. लाइट गेली तशी बायोस सगळं विसरली आणि प्रोसेसर आठ दिवस गुपचूप मूळ वेगावर चालत होता.

वडगाव निंबाळकरच्या बाजारात घड्याळाच्या टपरीवर तसलाच सेल मिळाला. त्याच रात्री तो बसवून त्याने बायोस उघडली आणि ४६ लिहिलं.

“पंचेचाळिसला बंद पडत हुतं न्हवं?” आबांनी विचारलं.

“तवा सेल वीक हुता, आबा.”