अंगठा लागून नाही राह्यला

हॉलिवूडवाल्यांना एकदा वाशिमला आणून रेशनच्या रांगेत उभं केलं पाहिजे. कल्पनाशक्ती फार कमी पडते त्यांची.

स्पीलबर्गच्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’मध्ये (२००२) यंत्राने ओळखू नये म्हणून टॉम क्रूझ चक्क डोळे बदलून घेतो. जुने पिशवीत ठेवतो, कुलूपबंद दारं उघडायला! धास्ती एकच, यंत्र आपल्याला जिथे तिथे ओळखेल. अरे बाबा, ओळखू दे की! रिसोड-मालेगावकडच्या मजूर बाईला विचार. आधी विळ्याने सोयाबीन सोंगायचं, मग कापूस वेचायचा. बोंडांची टोकं बोटांत शिरतात, अंगठ्याच्या रेषा वावरातच राहतात. बाई अंगठा पदराला पुसते, तोंडाची वाफ देते, पुन्हा दाबते. “माय, लागून नाही राह्यला. दुसरं बोट ठेव.” हे म्हणणारा दुकानदार तिला सून होऊन आली तेव्हापासून ओळखतो. पण ही बाई म्हणजे हीच बाई का, ते ठरवणार आधारशी अंगठा ताडून पाहणारं मशीन. गाव सांगतं ती अफवा, मशीन सांगतं ते वास्तव.

पहिलं आधार कार्डही महाराष्ट्रातच दिलं गेलं, २०१० मध्ये, नंदुरबारच्या टेंभलीत. नंदुरबार आणि वाशिम, दोन्ही नीती आयोगाच्या ‘आकांक्षित जिल्ह्यां’च्या यादीतले. आकांक्षा साधीच असते हो, अंगठा लागावा.

रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) समोरचा माणूस आहे की बनवलेला, हे डोळ्यावर उपकरण रोखून तपासतात. कथा घडते नोव्हेंबर २०१९ मध्ये. महिना बिनचूक! पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले नोव्हेंबरातच असतात. २०१४ पासून ते ‘जीवन प्रमाण’वर ऑनलाइन निघतात, आता चेहरा दाखवूनही. फोन समोर धरा, डोळे मिचकावा, जिवंत ठरा. उभ्या नोकरीत कुणाकडे वर मान करून न पाहिलेले निवृत्त गुरुजी ओट्यावर बसून मोबाइलला डोळा मारतात आणि सूनबाई म्हणते, “बाबा, अजून एकदा.”

सोय नाही असं कोण म्हणतं? रेशनला अंगठा नाही लागला तर ओटीपी आहे. तो जातो कार्डाला जोडलेल्या नंबरवर. नंबर बाईच्या मुलाकडे, मुलगा चाकणच्या कंपनीत, मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा. ओटीपी तिकडे काही मिनिटं जगतो आणि मरतो. त्याला मात्र हयातीचा दाखला कुणी मागत नाही.