हुकसमितीचा अध्यक्ष

निवृत्त मुख्याध्यापकाची गावात ठरलेली कामं असतात. लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासायचे, बँकेचे फॉर्म भरून द्यायचे आणि सत्कारसमारंभात कडेच्या खुर्चीवर बसून प्रमुख पाहुण्यांची वाट बघायची. मला यापलीकडचं एक पद मिळालं. मी पिशव्यांच्या हुकांच्या निवडसमितीचा अध्यक्ष झालो. समितीत दुसरा सभासदच नव्हता, त्यामुळे निवड बिनविरोध झाली.

पोहरादेवीच्या अलीकडे एका तांड्यावर माझी नोकरीची बरीच वर्षं गेली. तिथल्या बायकांचा बचत गट आहे आणि त्यातल्या निम्म्या माझ्या विद्यार्थिनी. भागाकाराच्या तासाला ज्या खिडकीतून शेळ्या मोजत बसायच्या, त्या आता बँकेच्या साहेबाला व्याज तोंडी सांगतात आणि साहेब कॅलक्युलेटर दाबून "बरोबर आहे" म्हणतो. या गटानं ठरवलं, की रामनवमीच्या यात्रेत भरतकामाच्या पिशव्यांचं दुकान मांडायचं.

बेत चांगला होता. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथं, जगदंबा देवीचं देऊळ इथं. रामनवमीला महाराष्ट्राबरोबर तेलंगणा, कर्नाटक, आंध्रातून गाड्या भरभरून माणसं येतात. गाडीची पाटी कुठल्याही राज्याची असो, उतरणारी माणसं गोरबोलीच बोलतात. शिवाय ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते नगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तेव्हापासून शहरातली मंडळीही इकडे वळायला लागली आहेत. दालनं बघून बाहेर पडलेल्या माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो. आणि संडूरचा सल होताच. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे तिकडच्या बंजारा, भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. "त्यायच्या आरशात का येगळं तोंड दिसते?" हा गटाच्या कोषाध्यक्षबाईंचा सवाल मला आजही बिनतोड वाटतो.

कामं वाटली गेली. भरतकाम म्हाताऱ्यांकडे, कारण वेले, माकी, तेरा डोरा असले टाके डोळे मिटून घालणारे हात आता त्यांचेच उरलेत. मशीनवरची शिलाई एकीकडे, विक्री दोघींकडे. सगळं वाटून झाल्यावर मी उरलो.

"गुरुजी, तुमी अकोल्याले डोये दाखवाले जाताच, त येतानी हुक घेऊन या."

मोतीबिंदू पिकायची वाट बघणाऱ्या माणसाला बारीक हुक पारखायला धाडण्याचं धैर्य फक्त लोकशाहीत असतं.

अकोल्याच्या दुकानदारानं माझी तोंडी परीक्षाच घेतली. डॉग हुक देऊ की लॉबस्टर? फिरता की फिक्स? निकेल, अँटिक, गनमेटल की गोल्डन? एक इंची की सव्वा इंची? डी रिंग जोडलेली की उघडी? डझनात की ग्रोसमध्ये? उभी हयात प्रश्न विचारण्यात गेलेल्या माणसानं खडूच्या उलट्या बाजूला उभं राहणं किती अवघड असतं, ते तिथं कळतं. पण मी तयारीनं गेलो होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला, रंग उडालेला नालाकृती चुंबक माझ्या खिशात होता.

चुंबकाला चिकटला तो लोखंडाचा. नाही चिकटला तर एक तर पितळेचा, नाहीतर जस्ताच्या मिश्रधातूचा ढाळीव. मग आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला खिळ्यानं हलकासा ओरखडा काढायचा. पिवळा निघाला तर पितळ, करडा-पांढुरका निघाला तर जस्त. वरचा मुलामा काहीही सांगो, ओरखडा खोटं बोलत नाही. दुकानात दहातले नऊ हुक ढाळीवच असतात, कारण साच्यात ओतलं की हवा तो आकार निघतो, स्वस्तात निघतो आणि झगमगतो. हलक्या पर्सला ते पुरतातही. पण जड पिशवीखाली लोखंडाचा हुक आधी वाकतो, म्हणजे निदान नोटीस देतो. ढाळीव हुक नोटीस देत नाही, तो सरळ राजीनामा देतो.

त्यातही हुक मधोमध फारसा तुटत नाही. तो तुटतो फिरकीपाशी, म्हणजे वरची कडी आणि खालची चोच जिथं एका छोट्या रिव्हेटवर एकमेकींभोवती फिरतात तिथं. सगळा भार त्या रिव्हेटच्या डोक्यावर, आणि ते डोकं असतं ज्वारीच्या दाण्याएवढं. म्हणून मी प्रत्येक नमुना दोन्ही हातांत धरून ओढला, पिळला, डुगडुगतो का ते पाहिलं. डी रिंगचे सांधे चष्मा कपाळावर चढवून तपासले. सांधा झाळलेला नसेल तर कडी भारानं हळूहळू तोंड उघडते आणि पट्ट्याचे धागे त्या फटीत कापले जातात. मग मी पट्ट्याचा तुकडा काढला. भरतकामाचा पट्टा तीनतीन कापडांचा असतो, त्यात आरसे आणि कवड्या. साध्या निवारीच्या हिशेबानं घेतलेल्या एक इंची कडीत तो दुमडून बसतो आणि काठाचे टाके पहिल्या महिन्यात झिजतात. मी म्हटलं, सव्वा इंची दाखवा, आणि माप आतल्या बाजूनं.

दुकानदारानं हात जोडले. "सर, पिशवी शिवायची आहे की पूल बांधायचा आहे?"

मी तिन्ही जातींचे नमुने घेतले. पितळेचा भाव ऐकून मात्र मीही जरा वाकलो.

तांड्यावर नमुन्यांची जाहीर चाचणी झाली. कडुलिंबाच्या फांदीला पट्टा, पट्ट्याला हुक, हुकाला पाण्याचा कॅन. दहा लिटरचा भरला म्हणजे दहा किलो झाले, हे मी फळ्याशिवाय समजावून सांगितलं. वर हिसका देण्यासाठी एक सातवीतला नातू नेमला होता, त्यानं आपलं काम अपेक्षेपेक्षा मन लावून केलं. सोनेरी ढाळीव हुक दुसऱ्या हिसक्याला 'टक्' करून तुटला, कॅन खाली आला आणि पाण्याच्या लोंढ्यापुढे कोंबड्या तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर चढल्या. लोखंडाचा हुक हळूहळू सरळ होत गेला आणि शेवटी नुसती तार उरली. पितळेचा हुक हलला नाही. पट्टाच शिलाईतून उसवला. लगेच सगळ्यांनी मशीनवालीकडे पाहिलं, मशीनवालीनं दोऱ्याकडे बोट दाखवलं, दोरा आणणारी म्हणाली काहून माह्यावर ढकलून राहिली, आणि हुकाचा प्रश्न सुटून नवाच प्रश्न उभा राहिला. कमिटीचं काम असंच पुढे जातं.

इतका वेळ खाटेवर बसून आरसे टाचणारी याडी आता बोलली. सगळा तांडा तिला याडी, म्हणजे आई म्हणतो, मीही म्हणतो. तिनं पितळेचा हुक हातात घेतला, त्याची चोच दोनदा उघडमीट केली आणि विचारलं, "ई कांई छ?" मी त्याची महती सांगितली. ती ऐकून म्हणाली, "गुरुजी, आमच्या बैलाच्या पाठीवर कोन्तं हुक होतं?"

या प्रश्नाला इतिहासाच्या शिक्षकाकडे उत्तर होतं आणि ते माझ्याच विरुद्ध जात होतं. बंजाऱ्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून अर्धा देश पालथा घातला. मोगलांच्या फौजा त्यांच्या धान्यावर पोसल्या गेल्या. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली मराठ्यांवर चालून आला, तेव्हा त्याच्या छावणीला दाणा पुरवणारे तांडेच होते. त्या मोहिमेतली २९ नोव्हेंबरची अडगावची लढाई तर आपल्या अकोला जिल्ह्यातली. पुढे याच वेलस्लीनं नेपोलियनला हरवलं. त्याच्या सैन्याचं पोट ज्या गोण्यांवर अवलंबून होतं त्यांना ना डॉग हुक, ना डी रिंग. दोन्ही अंगांना सारखं वजन, मधे बैलाची पाठ आणि वर दोर. पुढे रेल्वे आली आणि हा धंदा गेला. एकही गाठ न सुटता गेला.

अंगावरही तेच. कांचळी, म्हणजे चोळी, पाठीवर बंदांनी बांधलेली. टोपल्या आणि घुगऱ्या हे चांदीचे दागिने थेट केसांत गुंफलेले. होळीला रात्ररात्र नाचून सकाळी घुगरी जागच्या जागी. याडीच्या बांगडीला मात्र चार सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. ते मी दाखवल्यावर ती म्हणाली, "थे काट्यासाठी." न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटनं १८४९ मध्ये सेफ्टी पिनेचं पेटंट घेतलं आणि चारशे डॉलरला विकून टाकलं. पायातला काटा काढण्यापासून मंगळसूत्राची तुटलेली वाटी सांभाळण्यापर्यंत पिनेनं केलेली कामं त्या बिचाऱ्यानं वऱ्हाडात येऊन पाहिली असती, तर चार हजारांखाली सोडलं नसतं.

शेवटी समेट झाला. निम्म्या पिशव्यांना याडीच्या पद्धतीनं कवडी आणि दोऱ्याचा फास, निम्म्यांना पितळेचा फिरता हुक. शहरातले लोक हुकाच्या घेतील, समाजातल्या बायका कवडीच्या, असा माझा तर्क, आणि तो मी लेखी नोंदवला.

यात्रेच्या दिवशी माझी भाची पुण्याहून आली होती. तिच्या खांद्यावरच्या पर्सचा हुक एवढा मोठा, की त्यानं वासरू बांधता आलं असतं. समाधीच्या रांगेत त्या हुकाच्या चोचीनं शेजारच्या रांगेतल्या एका आजीबाईंची टुकरी पकडली. टुकरी म्हणजे ओढणी, काठाला नाणी, आरसे, कवड्या, लोकरीचे गोंडे. हुकाला पकडायला एवढी सोय उभ्या जन्मात मिळाली नसेल. आजी निजामाबादकडच्या, रांगा वेगवेगळ्या, मागून रेटा. आजी उजवीकडे सरकायच्या, भाची डावीकडे, आणि मधे पट्टा ताणला जायचा. भाचीला गोरबोली येत नाही, आजींना मराठी येत नव्हती. भाची "सॉरी, सॉरी" म्हणत होती आणि आजी तिला देवाला लागणारा उशीर, आजकालच्या पोरी आणि त्यांच्या आया या तीन विषयांवर सविस्तर बोलत होत्या. कुणीतरी चोच उघडायला गेलं तर स्प्रिंग अडकलेली. मी चुंबक काढला, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. अखेर आमच्या गटातली एक जण धावत आली, आजींशी गोरबोलीत दोन शब्द बोलली, बांगडीची पिन काढली आणि तिच्या टोकानं स्प्रिंग दाबून दोघींना मोकळं केलं. मोकळं झाल्यावर आजींनी भाचीचा हात धरला, पर्स उलटीपालटी करून पाहिली आणि तिला आपल्या रांगेत पुढे घेतलं. भाचीला दर्शन माझ्याआधी झालं.

इकडे दुकानावर माझा तर्क सकाळी दहालाच आडवा झाला होता. शहरातून आलेल्या बायका कवडी-फासाच्या पिशव्यांवर तुटून पडल्या. "हेच ऑथेंटिक," असं एक बाई दुसरीला सांगत होत्या आणि फास आधी कवडीवरून घालायचा की खालून, हे कळेना म्हणून व्हिडिओ काढत होत्या. तांड्यांवरून आलेल्या कॉलेजच्या पोरींनी कवडीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. असल्या कवड्या त्यांच्या घरी आजीच्या पेटीत पडून होत्या. त्यांना हुक हवा होता, आणि तोही आमचा पितळेचा मातकट हुक नको. "असा गोल्डन, चमकणारा नाही का?" असं विचारून त्या पुढे जायच्या. कोषाध्यक्षबाई दर वेळी माझ्याकडे बघायच्या. मी ओरखडा काढून पितळ सिद्ध करायचो, पण तोवर पोरगी समोरच्या दुकानात पोचलेली असायची, आणि तिथं ढाळीव सोन्याचा ढीग लागला होता.

दुपारी जरा सामसूम असताना पांढऱ्या फेट्यातले एक आजोबा आले. कर्नाटकातले असावेत. त्यांनी पिशवी उचलली, भरतकामावरून मायेनं हात फिरवला आणि मग थेट हुकावर आले. कडी पिळून पाहिली, डोळ्याजवळ नेली, कानाजवळ नेऊन नखानं वाजवली. फिरकीवर अंगठा दाबला. मला पहिल्यांदाच आपल्या विद्याशाखेचा माणूस भेटत होता. मी चुंबक पुढे केला, त्यांनी मानेनंच गरज नाही म्हटलं.

"पिशवी नको," ते म्हणाले. "हे देता का? बैलाच्या घंटीला."

कोषाध्यक्षबाईंनी क्षणभर विचार केला, कात्रीनं पट्टा उसवला, हुक काढून त्यांच्या हातावर ठेवला आणि मोकळ्या पट्ट्याला तिथल्या तिथं कवडी टाचली. ती पिशवी पाच मिनिटांत पुण्याला गेली. आजोबा संध्याकाळी पुन्हा आले, सोबत गावातले आणखी चौघे होते आणि प्रत्येकाकडे बैलजोडी होती.

रात्री विक्रीची वही माझ्यासमोर आली. मुख्याध्यापकाची सही लागतेच. त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'हुकाच्या पिशव्या: निरंक. हुक: सर्व.'