ब्राऊनकाका ठणठणीत आहेत



आई, तुझ्या कालच्या फोनवर मिलिंद अजून हसतोय. ब्राऊनकाकांना काही झालेलं नाही. म्हणजे ते गेले, पण २००६च्या नाताळातच! चिनूने सांगितलं ते खरं आहे. जेम्स ब्राऊन हे गायक गाता गाता गुडघ्यांवर कोसळायचे, डॅनी रे नावाचे त्यांचे निवेदक खांद्यांवर शाल टाकून त्यांना आत न्यायला लागायचे. पण हे दर प्रयोगाला! चार पावलं गेले की शाल भिरकावून गडी पुन्हा माइकपाशी. बाबा, तुम्ही हे बघाच. आपल्याकडे वन्स मोअर प्रेक्षक मागतात, इथे गवईच स्वतःला देतो.

फेब्रुवारीत इथल्या शाळांत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना असतो. चिनूच्या वाट्याला आलाय ५ एप्रिल १९६८चा बॉस्टन गार्डन नावाच्या सभागृहातला ब्राऊनकाकांचा कार्यक्रम. आदल्याच दिवशी मार्टिन ल्यूथर किंगांची हत्या झाली होती, गावोगाव जाळपोळ चालू. कार्यक्रम रद्द केला तर लोक आणखी भडकतील, म्हणून तो टीव्हीवर थेट दाखवायचं ठरलं. लोक घरीच बसले, गार्डन बरंचसं रिकामं. शेवटी पोरं मंचावर चढली, पोलीस ढकलायला लागले, तर ब्राऊनकाकांनी पोलिसांना मागे सरायला सांगितलं, पोरांनाही झापलं आणि गाणं पुढे चालू. त्या रात्री बॉस्टन बऱ्यापैकी शांत राहिलं. मला विचारशील तर शालीपेक्षा हे भारी.

थांब, पोळी करपली.

हं. तर शाल म्हणून चिनूने तुझी गोधडी घेतलीय. मिलिंद डॅनी रे. ती फेकली की मी ओरडते, मग उचलून घडी करताना तुझ्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास येतो आणि घडी काही लवकर होत नाही.

वादकाचा सूर चुकला किंवा बुटाला पॉलिश नसलं की ब्राऊन दंड करायचे, तोही नाचता नाचता बोटं दाखवून. चिनूने हे उचललंय. कालच्या आमटीबद्दल मला पाच डॉलर पडले.

आता इथला, बॉस्टनचा बर्फ. आपण कमरेत वाकून गाडीपुरती जागा उकरायची आणि ती आपली राहावी म्हणून रस्त्यावर खुर्ची ठेवायची! चेष्टा नाही, बर्फाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास हे चालतं. पलीकडे साउथ एंडमध्ये मात्र खुर्चीला बंदी, आणि दोन्ही एकाच शहरात. आमच्याकडे जादा खुर्ची नाही, म्हणून मिलिंदने तुझा पाट ठेवला. संध्याकाळी पाट फुटपाथवर आणि जागेत कुणाची तरी लाल गाडी. पाटावर मुंजमुलगा बसतो, त्याची जरब इथे कुणाला! मग पैसे भरून गाडी लावली, एका रात्रीचे चाळीस डॉलर. रुपयांत करू नकोस, बाबांचं बीपी वाढेल.

वंदीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी बासुंदीला पातळ म्हटलं? म्हणणारच, बंडूकाकांनी केली असेल. त्यांची स्कूटर विकली का, की गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवलं? सुमाआत्याला सांग, भाजणी पोचली, पण मेतकुटाची पुडी फुटून मिलिंदच्या नव्या शर्टाला हळदीकुंकू झालंय.

आणि लग्नाची तारीख मेमध्ये कशी गं धरलीत? चिनूची शाळा जूनअखेर सुटते. मांडवात मी नसले तर वंदीला मेंदी कोण काढणार, ती पार्लरवाली? आषाढात मुहूर्त नसतो म्हणतील, पण काढीव मुहूर्त असतो ना? गुरुजींना विचार. आजच विचार.

तुझी,
मंजू