पारावरचे मेजर

सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही थांब्यावर एस.टी.तून उतरा आणि 'मेजर कुठं राहतात?' असं विचारा. उलट सवाल येईल, 'कंचं मेजर?' शिपाई म्हणून निवृत्त झालेला मेजर, लान्सनायक मेजर, नायक मेजर, आणि पलटणीच्या लंगरात वीस वर्षं पुऱ्या तळलेला तर सगळ्यांत वजनदार मेजर. खांद्यावर सिंह मिरवणारा खराखुरा मेजर सुट्टीवर आलाच, तर लोक त्याला 'साहेब' म्हणतात आणि जरा लांबूनच रामराम घालतात. आपशिंगे गावानं तर नावातच 'मिलिटरी' लावून घेतलं आहे. बाकीच्या गावांनी माणसांना पदव्या वाटून भागवलं.

मी सांगतोय ते मेजर कागदोपत्री हवालदार. मराठा लाइट इन्फंट्री. १९७१ च्या उन्हाळ्यात बेळगावला भरती, १९९५ साली घरी. उंची बेताची, मिशी बेताबाहेरची. ओसरीवर काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव आणि पलटण. तिच्यात आता शेंगा असतात. कुत्र्याचं नाव टायगर, हे सांगायला नको. बोलणं अस्सल सातारी, पण राग आला किंवा सरकारी कचेरीत पाऊल पडलं की मेजर हिंदीत शिरतात. त्या हिंदीला दिल्लीत कुणी हिंदी म्हणणार नाही, पण तहसीलचा शिपाई तिला घाबरून खुर्ची देतो.

मेजर माळकरी आहेत. तरीही महिन्यातून एकदा ते कँटीनला जातात, कारण मंजूर झालेला कोटा न उचलणं त्यांना शिस्तभंग वाटतो. त्या दिवशी त्यांना जेवढे नमस्कार मिळतात तेवढे सरपंचाला निवडून आल्याच्या दिवशी मिळाले नव्हते. वायरमन, तलाठी आणि जनावरांचा डॉक्टर हे तिघं एरवी गावाला सापडत नाहीत. कँटीनच्या दिवशी संध्याकाळी तिघंही पाराजवळ आपसूक उगवतात.

आणि मग पार भरतो. सायन्सचे मास्तर, पोल्ट्रीवाला, मोबाइलमध्ये तोंड खुपसलेलं पोल्ट्रीवाल्याचं पोरगं, दोन-तीन पेन्शनर. मेजर मधोमध. पाराला लागूनच त्यांचं घर असल्यानं ओसरीवर काकू निवडणं-टिपणं करत बसलेल्या असतात. हे महत्त्वाचं आहे, पुढं कळेल.

मेजरांच्या गोष्टींचा पहिला गुण असा, की हिंदुस्थानच्या फौजेची एकही मोहीम त्यांच्यावाचून पार पडलेली नाही. सुरुवात मेसोपोटेमियापासून. टायग्रिस नदीच्या काठी कूट नावाचं गाव. तुर्कांनी वेढा घातला तो डिसेंबर १९१५ मध्ये, आणि रसद संपून शरण जावं लागलं ते २९ एप्रिल १९१६ ला. तिथं अडकलेल्यांत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. खायला उरली ती घोडी आणि खेचरं.

'गोऱ्यांनी खाल्लं. आमच्या पोरांनी लई दिवस तोंड लावलं न्हाई,' मेजर सांगतात. 'पोटं पाठीला लागली, पर घोडं? जे मालकाला पाठीवर घेऊन पळालं त्येला खायाचं?'

'पण मेजर,' पोल्ट्रीवाल्याचं पोरगं मोबाइलमधून डोकं वर काढतं, 'एकोणीसशे सोळाला तुमी जन्मला तरी हुता का?'

'जन्माचा काय संबंध? पलटण हुती का न्हाई?'

पोरगं गप्प. पलटण होतीच. मराठ्यांची पहिली पलटण १७६८ साली उभी राहिली, तेव्हापासूनच्या प्रत्येक लढाईला मेजर हजर आहेत. (ती कंपनी सरकारनं मुंबईत उभी केली. तिच्या सुरुवातीच्या काही लढाया नेमक्या कुणाविरुद्ध होत्या, हा विषय पारावर शहाणा माणूस काढत नाही.)

कूटहून मेजर थेट एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरावर चढतात. साल १९४१, समोर इटालियन. तिथून इटलीत. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे, १० जुलै १९४४. सेक्शनमधले सगळे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा हा बावीस वर्षांचा नायक एकटा मशीनगनवर धावून गेला. गोळ्या संपल्यावर बंदुकीचा दस्ता चालवला आणि मग लपून बसलेल्यांच्या गोळीनं गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीत मोन्तोने नावाच्या गावात २०२३ साली त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ बसवलं, हे मेजरांना नातवानं दाखवलं. तेव्हापासून गोष्टीच्या शेवटी ते घड्याळही येतं. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव त्यामानानं नशीबवान. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या बांधावर मशीनगनची तीन ठाणी गप्प करून, बांधावरच उभं राहून त्यांनी शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि मागच्यांना हात करून बोलावलं. हे जाधव युद्धातून जिवंत परतले. मेजरांनी बेळगावला एकदा त्यांच्याशी हात मिळवला होता म्हणे. पुढच्या वर्षी त्यांनी मेजरांची पाठ थोपटली. अलीकडे दोघं एका पंगतीत जेवलेले आहेत.

मात्र मेजरांची हुकमी गोष्ट जमालपूरची. तिच्यासाठी ते टोपी काढून ठेवतात.

'डिसेंबर एकाहत्तर. जमालपुरात बलुच पलटण बसलेली. आमच्या ब्रिगेडियर क्लेरसाहेबानं त्यांच्या कर्नलला चिठ्ठी धाडली. चारी बाजूंनी घेरलाय, हत्यारं टाका. चिठ्ठी घिऊन गेला एक बंगाली म्हातारा. आमी वाट बघतोय. म्हाताऱ्याला मारला का ठिवला? तवर म्हातारा परत. हातात जबाब. उघडला. आत कागद, आन् कागदात गुंडाळून काय?'

इथं मेजर चहा पितात. बशीत ओतून, फुंकर घालून, दोन्ही हातांनी. पार खोळंबतो.

'गोळी!'

'खरी?' पोल्ट्रीवाल्याचं पोरगं.

'न्हाई, होमेपदीची!'

कागदात काय लिहिलं होतं तेही मेजर सांगतात: साहेब, लढाईची आम्हीच वाट बघतोय, पुढच्या खेपेला पेन ठेवा आणि स्टेनगन घेऊन या. मग दुसऱ्या दिवशी रात्री बलुच पलटण अंधारात बाहेर पडली. बाहेर पडायच्या वाटेवर मराठ्यांची जंगी पलटण बसलेली होती. सकाळी उरलेल्यांनी हत्यारं ठेवली.

इथं ओसरीवरून आवाज येतो. काकूंचा हात सुपातच असतो.

'अवो, त्या डिसेंबरात तुमी बेळगावला रंगरूट हुता. गालगुंड झाली म्हणून हास्पिटलात. मामंजींना आलेलं पत्र अजून डब्यात हाय.'

पार मेजरांकडे बघतो. हवालदाराचा चेहरा कसा असावा हे त्या क्षणी बघून घ्यावं. एक रेषा हलत नाही.

'गालगुंड मला झाली हुती,' मेजर म्हणतात. 'पलटणीला न्हवती झाली.'

मी मेजरांचा अभ्यासक नाही, पण जुना श्रोता आहे, आणि माझं मत सांगून टाकतो. मेजरांची गोष्ट खरी असते, साक्षीदार खोटा असतो. गोळी गुंडाळलेलं पत्र खरं, कूटची घोडी खरी, बांधावरचा जयजयकार खरा. फक्त मेजर तिथं नव्हते. गावच्या पुढाऱ्याचं नेमकं उलट असतं: माणूस तिथं असतो, घटना घडलेली नसते. दोन्हींत मला मेजरांची पद्धत बरी वाटते.

आकड्यांच्या बाबतीत तर मेजर सोनाराच्या तराजूइतके कडक. त्याच युद्धात ११ डिसेंबरला टांगाईलजवळ दुसरी पॅरा पलटण विमानांतून उतरली, पाकिस्तानी फौजेच्या परतीच्या वाटेवरचा पुंगलीचा पूल धरायला. ही पलटणही मूळची मराठ्यांचीच, पूर्वीची तिसरी मराठा. उतरले सुमारे सातशे जवान. परदेशी बातम्यांत त्यांचे पाच हजार झाले. सैन्याचे प्रसिद्धी अधिकारी राममोहन राव यांनी वर्तमानपत्रांना जो फोटो दिला तो आग्र्याच्या जुन्या सरावाचा होता. त्यात अख्खी ब्रिगेड आभाळात लोंबत होती. फोटो कधीचा, हे तेवढं सांगायचं राहून गेलं. पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. ती एका फोटोमुळं झाली असं कुणी म्हणणार नाही, पण फोटोनं अपायही केला नाही.

गंमत अशी, की पारावरचे सगळे पाच हजारावर अडलेले असतात आणि एकटे मेजर सातशेवर. सायन्सचे मास्तर एकदा म्हणाले, 'मेजर, आपल्याच लोकांचा आकडा वाढतोय तर वाढू द्या की!'

मेजर उसळले. 'सातशे मान्सांनी जे केलं त्ये पाच हजारांत वाटून टाकू व्हय?'

मास्तरांचं आणि मेजरांचं कायमचं भांडण आहे ते बाबा हरभजनसिंगांवरून. सिक्कीममध्ये नथू-ला खिंडीच्या बाजूला १९६८ साली गेलेला पंजाब रेजिमेंटचा हा जवान. त्याचं मंदिर आहे, गणवेश आहे, बिछाना आहे, बूट आहेत. बाबा रात्री सीमेवर गस्त घालतात अशी जवानांची श्रद्धा. इथवर मास्तर हसत ऐकतात. पण मेजर पुढं म्हणतात, बाबांना दर सप्टेंबरात सुट्टी मिळायची, जीप न्यू जलपायगुडीला जायची आणि पंजाबच्या गाडीत बाबांच्या नावाचा बर्थ राखलेला असायचा.

'मेलेल्या माणसाला रिझर्व्हेशन?' मास्तर ओरडतात. 'इथं जित्याला मिळत नाही!'

आणि ते खरं आहे. वर्षानुवर्षं खरंच तसं होत होतं. बाबा गस्त घालतात की नाही ते मास्तरांनी आणि मेजरांनी ठरवावं. बर्थ मात्र होता. फौजेच्या दंतकथांची ही खोड आहे. देवाधर्माचा भाग ज्याचा त्यानं मानावा, पण कारकुनी भाग निघतो पक्का. जैसलमेरकडच्या तनोट मातेच्या देवळात १९६५ चे न फुटलेले बॉम्ब मांडून ठेवले आहेत. ते का फुटले नाहीत यावर वाद घाला, पण बॉम्ब आहेत. सियाचीनला चौकीवर चढणारी तुकडी आधी ओ.पी. बाबाच्या देवळात जाऊन रीतसर रिपोर्ट देते. उणे चाळीसला उभं राहायचं असेल तर वरिष्ठ जेवढे जास्त तेवढे बरे, मग ते हयात असोत नसोत.

आता काकूंच्या हरकतींबद्दल. मेसोपोटेमिया, केरेन, जमालपूर, कारगिल (कारगिलच्या वेळी मेजर घरी ऊस तोडत होते), सगळ्यांवर त्यांची हरकत असते. एकाच ठिकाणी त्या बोलत नाहीत. श्रीलंका.

२९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि जयवर्धने यांचा करार झाला आणि आपली फौज शांतिसेना म्हणून तिकडं गेली. ऑक्टोबरात ज्यांच्यासाठी गेलो त्यांच्याशीच लढाई जुंपली. जाफन्यात मराठेही होते, आणि ह्या एका लढाईत मेजर स्वतः, अंगानं, बिनगालगुंडाचे हजर होते. अकराशेहून अधिक जवान त्या बेटावर कामी आले. शेवटचे मार्च १९९० मध्ये मद्रासला उतरले तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागतालाही आले नाहीत. अशा युद्धावर पारावर कोण काय सांगणार?

मेजरांनी तरी सांगून बघितलं. गोष्ट म्हणून ती अगदीच टाकाऊ निघाली. 'ताडाची झाडं लई,' म्हणाले. 'हिरीचं पानी गोड. वाटंत सुरुंग पेरलेलं. फुडच्याच्या बुटाच्या ठशावर बूट ठिवायचा. माज्या फुडं कराडकडचं एक पोर हुतं...' मग तो ऑक्टोबर की नोव्हेंबर यावर अडकले, काकूंना विचारलं, काकूंनी नोव्हेंबर सांगितलं, मेजरांनी मान हलवली आणि पुन्हा ताडाच्या झाडांवर आले. ना साहेबाची शिवी, ना बशीतला चहा, ना कुठं थांबून पाराला टांगणीला लावणं.

पोल्ट्रीवाल्याच्या पोराला दम निघेना. 'ते जाऊ द्या, मेजर. पाकिस्तानी किती मारले ते सांगा!'

मेजरांनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं, टोपी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, 'डिसेंबर एकाहत्तर. जमालपुरात बलुच पलटण बसलेली...'

थापा मारतो म्हणून म्हाताऱ्याला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मागणी पाराची होती, मेजरांनी पुरवठा केला. पाराला पाकिस्तान लागतं, सिनेमावाल्यांनाही तेच लागतं, आणि कँटीनच्या दिवशी आलेल्या तलाठ्याला तर आणखी घाई असते.

असा एखादा मेजर तुमच्याही गावात, चाळीत किंवा सोसायटीच्या बाकावर असेल. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला तो बँकेत जातो, तेव्हा हमखास सापडतो. त्याला जमालपूर सांगू द्या, ती गोष्ट खरी आहे. नंतर मात्र जाफना विचारा. महिना चुकला तर दुरुस्त करायला घरचं माणूस असतं, तुम्ही करू नका. आणि चहाच्या पैशांना हात घालू नका, मेजर देऊ देत नाहीत.