पिवळ्या रुमालाच्या मानकऱ्यांस

अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधल्या एका पांढऱ्या आणि सहा काळ्या टोप्यांच्या पंचांस,



पत्रास कारण की, तुम्ही सुधारणार असल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि आमच्या पोटात गोळा उठतो. कृपा करून असले काही मनावर घेऊ नका. सोमवारपासून शनिवारपर्यंत आम्ही मग बोलायचे कशावर? खेळावर?

तुमच्या कलेतला सर्वांत देखणा भाग म्हणजे मोजमाप. मैदानात दहा-बारा धिप्पाड गड्यांचा ढीग पडतो, चेंडू त्याच्या तळाशी कुठेतरी असतो. तुमच्यातला एक जण कडेवरून धावत येतो, अंदाजाने एक पाऊल टेकतो आणि चेंडू तिथे ठेवला जातो. इथवर सगळा मोकळाढाकळा कारभार. मग मात्र दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी वाजतगाजत आत यायची, ताणून धरली जायची आणि भरलेले स्टेडियम श्वास रोखून बघायचे, चेंडूचे नाक काठीच्या पुढे आहे की बोटभर मागे! बांधावर उभे राहून नजरेनेच जमीन मोजायची आणि सातबाऱ्यावर मात्र आरपर्यंतचा आकडा चढवायचा, ही किमया एखाद्या तलाठ्यालाही एवढ्या लोकांदेखत साधणार नाही.

या परंपरेचा कळस १७ डिसेंबर २०१७ रोजी ओकलंडला चढला. डॅलस काउबॉइज विरुद्ध रेडर्स, चौथा क्वार्टर, १७-१७ अशी बरोबरी. साखळीने निकाल लागेना, तेव्हा मुख्य पंच जीन स्टेराटोर यांनी खिशातून कागदाचे कार्ड काढले, घडी घातली आणि चेंडू व काठी यांच्या फटीत सरकवून पाहिले. फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्ड पुरे झाल्याचा कौल, डॅलसला मिळाला, पुढे सामनाही २०-१७ असा त्यांनीच जिंकला. नंतर स्टेराटोर यांनी खुलासा केला, की निर्णय डोळ्यांनीच झाला होता, कार्ड फक्त खात्रीपुरते. अहो, मग खिशात का नाही राहू दिले? पण लीगला गुणांची पारख आहे. पुढच्याच फेब्रुवारीत सुपर बोलचा अंतिम सामना त्यांच्याच हाती सोपवला.

आता २०२५पासून साखळीचे काम हॉक-आयचे कॅमेरे करतात. क्रिकेटमुळे हे नाव आमच्या घराघरांत पोचलेले. हायसे वाटले ते एवढ्याच गोष्टीने, की चेंडू कुठे ठेवायचा हे अजून तुम्हीच ठरवता. चुकीच्या जागेपासूनचे अंतर आता अत्यंत अचूक निघेल.

न्यू ऑर्लिन्सचा विषय काढू नये म्हणतात, तिथली माणसे अजून दुखावलेली आहेत. तरी काढतो. २० जानेवारी २०१९, सुपरडोम, सुपर बोलच्या दारातला सामना. सेंट्स आणि रॅम्स २०-२०, दोन मिनिटेही शिल्लक नाहीत. चेंडू हवेत आहे, तो पोचण्याआधीच रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने टॉमीली लुइसला धडकून आडवे केले. यालाच पास इंटरफिअरन्स म्हणतात, हे पॉपकॉर्न विकणाऱ्या पोराच्याही ध्यानात आले असेल. पण चूक दाखवणारा तुमचा पिवळा रुमाल काही पडला नाही. जादा वेळेत रॅम्सच्या ग्रेग झुरलाइनने ५७ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि २६-२३ असा निकाल लागला.

खरी मौज पुढे आहे. पंचांच्या प्रमुखाने सेंट्सच्या प्रशिक्षकाला फोनवर चूक कबूल केली. मैदानात ज्याचा गुन्हा कोणाला दिसला नव्हता, त्या रोबी-कोलमनला त्याच धडकेबद्दल, हेल्मेटने मारल्याचे कारण दाखवून, २६,७३९ डॉलरचा दंड झाला. म्हणजे दंड त्याचा, चूक तुमची आणि सुपर बोलचे तिकीट रॅम्सला. मग लीगने पास इंटरफिअरन्सची फेरतपासणी रिप्लेवर करण्याचा नियम आणला. पण फेरतपासणी करणारे न्यू यॉर्कचे साहेब शेवटी तुमच्याच गोत्रातले. त्यांनी मैदानातला निर्णय फिरवायला असा काही हात आखडता घेतला, की एका हंगामात नियमच मोडीत निघाला. चाहते कोर्टात गेले, तर लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही परत पाठवले.

आता थोडे तुमच्या बाजूने, कारण तेही कोणीतरी लिहायला हवे. आम्ही जो क्षण संथ गतीत सात कोनांतून बघतो, तो तुमच्यासमोरून एकदाच, तोही शंभर-सव्वाशे किलोंच्या अंगांआडून जातो. आणि ज्या धंद्यात वर्षाला वीस अब्ज डॉलरच्या वर उलाढाल होते, त्याचा न्यायनिवाडा करणारे तुम्ही बहुतेक अर्धवेळ! एड होकुली यांची तर वर्षानुवर्षे वकिली चालू होती, रविवारी शिट्टी. २०१७मध्ये तुमच्यातल्या काहींना पूर्णवेळ नेमून पाहिले, दोन वर्षांत तो प्रयोग गुंडाळला. खेळाडूंच्या करारांवर कोट्यवधी उधळणाऱ्या मालकांना शिट्टीवर खर्च करताना एकदम काटकसर आठवते. प्रशिक्षकाने तुमच्याबद्दल अवाक्षर काढले तर दंड, म्हणजे आवाज बंद ठेवायलाही पैसे खर्चावे लागत नाहीत, उलट मिळतात.

तुमची किंमत मालकांना एकदाच कळली. २०१२मध्ये पेन्शनवरून वाद झाला, त्यांनी तुम्हाला बाहेर काढले आणि बदली पंच उभे केले. २४ सप्टेंबरला सिअ‍ॅटलमध्ये शेवटच्या चेंडूवर दोन बदली पंच शेजारी शेजारी उभे होते. एकाने टचडाउनची खूण केली, दुसऱ्याने डोक्यावर हात हलवत वेगळीच. ग्रीन बे १४-१२ असे हरले. दोन दिवसांत समेट झाला आणि गुरुवारी बाल्टिमोरमध्ये तुम्ही मैदानात आलात, तेव्हा प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. पंचांना टाळ्या! आमच्या वानखेडेवर हे सांगितले तर कोणी विश्वास ठेवायचा नाही.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू नये ही विनंती.

आपला,
एक निष्ठावंत तक्रारदार

ता. क. १९९८च्या थँक्सगिव्हिंगला जादा वेळेसाठी नाणे उडाले. पिट्सबर्गच्या जेरोम बेटिसने 'टेल्स' म्हटले, पंच फिल लकेट यांनी 'हेड्स' ऐकले, आणि चेंडू मिळालेल्या डेट्रॉइटने सामना मारला. देशभर तुमच्या कानांचा उद्धार झाला. मागाहून ध्वनिमुद्रण नीट ऐकले, तर गडी आधी 'हे' असे अडखळून मग 'टेल्स'वर घसरला होता असे निघाले. म्हणजे त्या दिवशी तुम्हाला बरोबर ऐकू आले होते. तरी नाणे उडवण्याची पद्धत बदललीच.